टपोरं अक्षर : एका अभ्यासाची प्रस्तावना

पहिलीच्या बाई पाटीवर अक्षर घालून द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘किरटं नको, टपोरं काढ.’’ टपोरा हा शब्द आपण मोत्याला लावतो, जोंधळ्याच्या दाण्याला लावतो, मोगऱ्याच्या कळीला लावतो आणि अक्षरालाही लावतो. भरलेलं, गोलसर, डोळ्यांत भरणारं, हात लावून पाहावंसं वाटणारं असं सगळं त्यात येतं. जाड, गोल टोकांचा, खेळकर असा जो शीर्षकाचा टंक असतो, त्याचं वर्णन मराठीनं या एका शब्दात केव्हाच करून ठेवलं आहे. पुढची पानं या टपोऱ्या अक्षरांविषयी आहेत. ती कशी घडतात, कुठून आली, देवनागरीत ती काढणं इतकं अवघड का आणि त्यांचा अभ्यास कुठून सुरू करावा, हे नव्यानं येणाऱ्याला सांगावं यासाठी ही प्रस्तावना.

नव्यानं येणारा म्हणजे केवळ चित्रकला महाविद्यालयातला विद्यार्थी नव्हे. मुखपृष्ठ करणारे, गणेशोत्सवाच्या मंडळाचा फलक करणारे, बालवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवणाऱ्या शिक्षिका, जुन्या दुकानाच्या पाटीसमोर रेंगाळणारे लोक या सगळ्यांना इथे जागा आहे. मराठी वाचता येतं आणि हाताशी शिसपेन्सिल आहे, एवढी तयारी पुरते.

दोन-तीन संज्ञा आधी पक्क्या करून घेऊ. एका वळणाच्या अक्षरांचा पूर्ण संच म्हणजे टंक. बोलताना आपण फॉन्ट म्हणतो आणि मीही दोन्ही शब्द वापरणार आहे. मजकुराचा टंक वाचणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, त्याला अर्थ तेवढा मिळावा. शीर्षकाच्या टंकानं आधी दिसायचं असतं आणि मग वाचलं जायचं असतं. रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात; ते नसले की टंक सॅन्स सेरिफ झाला. देवनागरीला असे पाय मुळातच नाहीत, त्यामुळे ही विभागणी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे पाहायचं ते असं, की रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे की जाड-बारीक होत जाते, आणि ती संपते तेव्हा तिचं टोक कसं असतं.

या टोकाविषयीच मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. गोल टोकाचं अक्षर रोमनमधून आपल्याकडे आलं, अशी समजूत आहे. मला ती मान्य नाही. देवनागरी लिहायची आपली दोन साधनं होती. एक बोरू. त्याची जीभ तिरकी कापलेली असते, म्हणून रेघ एका दिशेला जाड उतरते आणि दुसऱ्या दिशेला बारीक, आणि टोक तिरपं छाटल्यासारखं येतं. पोथ्या बोरूनं लिहिल्या गेल्या, पुढे छापखान्याच्या खिळ्यांनीही तेच वळण उचललं, त्यामुळे बोरूचं अक्षर तेवढं खरं अक्षर असं आपण धरून चाललो. पण बोरू हातात येण्याआधी प्रत्येक मुलाच्या हातात दुसरं साधन होतं, ते म्हणजे त्याचं स्वतःचं बोट. धूळपाटीवर पसरलेल्या धुळीत बोटानं अक्षर गिरवलं की रेघेची जाडी बोटाएवढी राहते, सुरुवात गोल होते आणि शेवटही गोल. अक्षरारंभाला ताटात तांदूळ पसरून मूल ‘श्री’ गिरवतं तेव्हा आजही हेच घडतं. पाटीवरची झिजलेली पेन्सिल, फळ्यावरचा खडू, अंगणातली चिमटीतून सुटणारी रांगोळी, पाटी रंगवणाऱ्या पेंटरचा गोल कुंचला या सगळ्यांची रेघ त्याच जातीची. बोरूचं अक्षर पोथीत गेलं आणि बोटाचं अक्षर शिकून झालं की पुसलं गेलं. त्यामुळे त्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. आपण देवनागरीला बाळबोध म्हणतो, आणि त्या बाळाचं पहिलं अक्षर गोल टोकाचं होतं.

मोडीचा विचारही इथे करायला हवा. हात न उचलता भराभर लिहिण्याच्या गरजेतून तिची वळणं गोलावली. मोडीची गोलाई वेगातून आली आणि बोटाची गोलाई साधनातून, हा फरक लक्षात ठेवावा. दोन्हींना ‘गोल’ म्हणून एकाच खुंटीला टांगू नये.

छपाईचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर चांगलं लिहून झालेलं आहे. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरला देवनागरी खिळ्यांत छापलं गेलं, आणि त्याचा १८१०चा कोश मोडी खिळ्यांत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचं अक्षर म्हणजे बोरूच्या वळणाला धातूत मिळालेलं उत्तम रूप. संस्कृत ग्रंथांचे कित्येक वाचक त्यावर वाढले. ते सगळं मजकुराचं अक्षर होतं. शीर्षकासाठी चित्रकार हातानं अक्षर काढी, त्याचा ब्लॉक बने आणि तो मजकुराच्या डोक्यावर बसे. म्हणून मराठीतल्या शीर्षकाक्षरांचा खरा इतिहास खिळ्यांच्या खणांत मिळत नाही. तो नाटकांच्या जाहिरातींत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि सिनेमाच्या फलकांवर आहे. कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांनी आयुष्यभर नाटकांची आणि नियतकालिकांची नावं अशी काढली की नाटकाची जात अक्षरावरूनच कळावी. विनोदी नाटकाचं नाव ते फुगवत, नाचवत. गंभीर नाटकाचं ताठ उभं करत. मात्र हे अक्षर एका नावापुरतं असे. ‘वस्त्र’ काढलं की काम संपलं. त्याच हातानं ‘शस्त्र’ कसं निघालं असतं, हे दुसऱ्या कोणाला कळायचा मार्ग नव्हता. टंक तो मार्ग देतो. टंक करणाऱ्याला अजून कोणी न लिहिलेल्या शब्दांचीही सोय आधीच करून ठेवावी लागते.

पाश्चात्त्य बाजू याहून लवकर आटोपते. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लननं १८१६ मध्ये पाय नसलेला पहिला रोमन टंक आपल्या नमुन्यांत छापला. त्यात फक्त मोठ्या लिपीची अक्षरं होती. मग जाहिरातींची भूक वाढली, अमेरिकेत यंत्रानं लाकडी अक्षरं कोरली जाऊ लागली आणि अक्षरांना जाडी चढत गेली. १९७० साली बॉब न्यूमननं लेट्रासेटसाठी ‘फ्रँकफर्टर’ केला, नावाप्रमाणे सॉसेजसारखा भरलेला. सत्तरीच्या अखेरीस फोक्सवॅगन कंपनीसाठी ‘व्हीएजी राउंडेड’ झाला. ॲपलच्या लॅपटॉपच्या कळांवर हे अक्षर बरीच वर्षं होतं, त्यामुळे नाव माहीत नसलं तरी पुष्कळांच्या बोटांना त्याची ओळख आहे. जपानमध्ये मात्र गोल टोकाची अक्षरं रस्त्यांच्या आणि रेल्वे स्थानकांच्या फलकांवर दिसतात, म्हणजे वाट दाखवण्याच्या गंभीर कामावर. गोल म्हणजे बालिश, हे समीकरण सगळीकडे चालत नाही. आपण अक्षराला जिथे पुन्हापुन्हा पाहतो, तिथला स्वभाव त्याला चिकटतो.

आता कामाच्या टेबलाशी येऊ. खरा विषय इथे सुरू होतो.

एक कोरा कागद घ्या आणि जाड मार्करनं मोठा ‘घ’ काढा, शेजारी ‘ध’ काढा. दोघांत फरक किती? ‘घ’ची शिरोरेखा डावीकडून सलग येते, ‘ध’ची डावीकडे तुटलेली असते आणि तिथे अक्षराचं टोक आत वळतं. बारीक अक्षरात ही फट ऐसपैस असते. आता रेघ दुप्पट जाड करा. फट अर्ध्यावर येते. तिप्पट करा, मग फट जवळपास बुजते आणि ‘धन’ आणि ‘घन’ यांच्यात डोळा अडखळतो. ‘भ’ आणि ‘म’ यांचीही हीच गत. ‘प’च्या पोटात तिरपी रेघ गेली की ‘ष’ होतो आणि ‘व’च्या पोटात गेली की ‘ब’. जाड अक्षरात पोटच एवढंसं उरतं, त्यात आणखी एक रेघ कुठे बसवायची? ‘ष’ म्हणजे सगळ्या जाड टंकांची सत्त्वपरीक्षा आहे. कोणताही नवा टपोरा फॉन्ट हाती आला की मी आधी त्याचा ‘ष’ पाहतो. तो काढताना आपण हरलो असं कारागिराला निदान एकदा वाटलेलं असतं, आणि तो कसा सावरला हे त्या अक्षरात दिसतं. कोणी पोटातली रेघ बाकीच्यांपेक्षा बारीक करतो, कोणी अक्षर थोडं रुंद करतो, कोणी रेघेची दोन्ही टोकं निमुळती करून काळेपणा कमी करतो. तिन्ही उपाय चांगले. पण ज्यानं जो घेतला त्यानं तो ‘ब’मध्येही पाळायला हवा, नाहीतर शब्दात ती दोन अक्षरं एका घरची वाटत नाहीत.

शिरोरेखेचीही एक गंमत आहे. फूटपट्टीनं मोजून काना आणि शिरोरेखा अगदी सारख्या जाडीच्या काढा आणि दूर धरून पाहा. शिरोरेखा जाड दिसेल. आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जड वाटते, म्हणून ती मुद्दाम थोडी बारीक ठेवावी लागते. जाड टंकात ही काळजी घेतली नाही, तर शब्दावर झाकण ठेवल्यासारखं होतं आणि खालची अक्षरं गुदमरतात. शिवाय वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. रोमनमध्ये जाडी वाढली तर रुंदीकडे सरकायला जागा असते. देवनागरीत वरचा मजला आणि तळघर दोन्ही भरलेली असतात, त्यामुळे ‘कैंची’ आणि ‘कुक्कुट’ एकाच उंचीच्या ओळीत बसवायचे तर कुठेतरी मन घट्ट करावं लागतं.

गोल टोकही वाटतं तेवढं सोपं नाही. रेघेच्या शेवटी नुसतं अर्धवर्तुळ बसवलं तर रेघ आखूड दिसते, कारण डोळा वर्तुळाच्या शेवटच्या बिंदूपर्यंत जातच नाही. म्हणून गोल टोकाचा काना सपाट टोकाच्या कान्यापेक्षा किंचित लांब करतात. आणि देवनागरीत काने किती! ‘तारामासा’सारख्या शब्दात तळाशी गोल टोकांची रांगच लागते. सगळी टोकं यंत्रातून काढल्यासारखी तंतोतंत असली, तर ती रांग निर्जीव दिसते. फारच वेगवेगळी केली तर हलते. कसबी माणूस टोकाच्या एका बाजूला जरासा भार देतो आणि तळव्यासारखा आकार आणतो. मोजायला गेलं तर फरक केसाएवढा असतो, पण अक्षर हसतं ते त्या केसामुळे.

या सगळ्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून ‘मोदक’ पाहावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंककारांच्या गटाचा हा टंक. देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. देवनागरीत इतकं गुबगुबीत अक्षर क्वचितच कोणी केलं असेल. त्यांनी जाडी इतकी वाढवली की अक्षराच्या आतली पोकळी संपत आली. तिथे राहिली ती पांढरी, बारीक, वळणदार फट. सराईत मोदक वळणारी बाई पारीला बोटांनी कळ्या पाडते, तशी ती फट अक्षराच्या अंगावर पडलेली दिसते. वाचताना आपण काळं वाचतो असं आपल्याला वाटतं. ‘मोदक’मध्ये आपण पांढरं वाचतो. क-चं पोट कुठे आणि ळ-चे दोन डोळे कुठे, हे त्या फटीच सांगतात. म्हणून तो आखताना बाहेरची कड जितकी सांभाळली, तितकीच आतली फट सांभाळावी लागली असणार. शिवाय अक्षराची रुंदी बदलली की वेलांटी आणि मात्राही बदलावी लागते. ‘कि’ची वेलांटी ‘क्षि’ला पुरत नाही. त्यासाठी एकाच मात्रेची वेगवेगळ्या उंची-रुंदीची रूपं त्यात केलेली आहेत. ‘मोदक’ लहान आकारात वापरू नये. बारा पॉइंटात तो डाग दिसतो, पण हातभर अक्षरात त्याच्यासारखा दुसरा नाही. शीर्षकाचा टंक असण्याची ही किंमत आहे आणि त्यानं ती उघडपणे दिलेली आहे.

त्याच घरचा ‘बालू’ थोडा सडसडीत, थोडा जास्त कामाचा. नाव किपलिंगच्या १८९४च्या ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचं, ते नावही मुळात आपल्या भालूवरूनच आलेलं. (मराठी कानाला मात्र बालू म्हटलं की आधी बाळू ऐकू येतो, आणि या अक्षराला ते शोभतंही.) रेघ जाड, कोपरे मऊ, आणि टोकांना पंजासारखा किंचित निमुळतेपणा. पण मला ‘बालू’ महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या भावंडांमुळे. देवनागरीचा ‘बालू’ घेऊन त्यांनी इतर भारतीय लिप्यांत त्याचे भाऊ केले आणि प्रत्येकाला त्या-त्या भाषेत भावाला जी हाक मारतात, ती दिली. गुजरातीचा बालू भाई, बंगालीचा बालू दा, गुरुमुखीचा बालू पाजी, ओडियाचा बालू भाइना, कन्नडचा बालू तम्मा, तेलुगूचा बालू तम्मुडू, तमिळचा बालू तंबी, मल्याळमचा बालू चेट्टन आणि उर्दू-अरबी लिपीचा बालू भाईजान.

ही नावं गोड आहेतच, पण त्यांत अभ्यासाचा एक मुद्दाही आहे. भाऊ सारखे दिसावे लागत नाहीत, त्यांचा स्वभाव जुळावा लागतो. बंगालीला शिरोरेखा आहे आणि टोकदार कोन आहेत. ते कोन पार घासून टाकले तर अक्षर बंगाली राहत नाही आणि तसेच ठेवले तर बालू राहत नाही. गुजरातीला शिरोरेखाच नाही, म्हणून तिथे अक्षरांना एकत्र धरून ठेवण्याचं काम मधल्या अंतरांनी करायचं. कन्नड, तेलुगू, मल्याळम, ओडिया या लिप्या मुळातच गोल. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून त्या गोलावल्या अशी त्याची सर्वसाधारण मांडणी केली जाते. मग आधीच गोल असलेल्या लिपीत ‘गोल टंक’ म्हणजे काय करायचं? तिथे बालूपण आकारातून येत नाही. जाडीतून, टोकांतून आणि पोकळीच्या मापातून आणावं लागतं. एका लिपीचे तुकडे कापून दुसरीला चिकटवण्याची जी घाई पुष्कळ बहुलिपी टंकांत दिसते, ती इथे नाही. रस्त्यावरच्या त्रैभाषिक पाटीवर एका भाषेचं अक्षर दमदार आणि शेजारची दोन कशीबशी बसवलेली, हे आपण रोज पाहतो. तिन्ही भाषांना सारखा मान द्यायचा तर तो अक्षरातून द्यावा लागतो, आणि तो कसा देता येतो याचं बालू कुटुंब हे उत्तम उदाहरण आहे. पुढे ‘बालू टू’ आला, त्यात साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनं झाली, त्यामुळे शीर्षकाखालचं उपशीर्षकही त्याच घरच्या अक्षरात देता येऊ लागलं. हे सगळे टंक मुक्त परवान्याचे आहेत. कोणालाही विनामूल्य वापरता येतात, उघडून पाहता येतात.

आता मराठीपुरती एक गोष्ट, आणि तीत माझी एक जुनी चूक आहे. मुलांसाठीच्या एका सहल-वर्णनाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे होतं. नावात ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द. मी घाईत कुठूनसा एक जाड, गोल फॉन्ट उतरवून घेतला. पडद्यावर रंग छान दिसत होते, मी तेच पाहत राहिलो. छापून आल्यावर एका चौथीतल्या मुलीनं मोठ्यानं वाचलं, ‘दर्याखोर्यांत’, आणि विचारलं, ‘‘हे समुद्राचं पुस्तक आहे का?’’ त्या फॉन्टात मराठीचा ऱ्य नव्हताच; मी रफाराचा र्य बसवला होता आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता. दरी आणि दर्या यांच्यातला फरक एवढ्याशा आडव्या केसात आहे. आचाऱ्यांना आणि आचार्यांना वेगळं ठेवणारा केसही तोच. जाड अक्षरात हा केस काढणं फार नाजूक काम आहे. जाड ठेवला तर तो पुढच्या ‘य’वर कोसळतो, बारीक ठेवला तर उसना वाटतो. टपोऱ्या या शब्दातच तो आहे, म्हणजे या जातीच्या अक्षराला स्वतःचं नाव लिहिण्यासाठीसुद्धा ही परीक्षा द्यावी लागते.

तसेच ‘ल’ आणि ‘श’. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदीत रूढ असलेली रूपं वेगळी. महाराष्ट्र शासनानं २००९च्या निर्णयात वर्णमाला ठरवताना हीच रूपं मराठीची मानली आहेत. चांगल्या टंकात दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की आपली रूपं आपोआप येण्याची सोय करता येते. प्रत्येक टंकात ती आहे असं गृहीत धरू नका, तपासा. ‘शाळेला’ हा शब्द टाइप करून पाहिला की श, ळ आणि ल या तिघांचा एकदम निकाल लागतो.

फ्लेक्सच्या दुकानांत चालणाऱ्या एका प्रकाराबद्दल इथे कळकळीनं सांगायला हवं. जाड फॉन्ट हाताशी नसला की मधल्या वजनाच्या फॉन्टला बाहेरून कड लावून तो फुगवतात. कड आतही पसरते, म्हणून आधी पोकळ्या बुजतात, मग ‘ष’चा गोळा होतो, अनुस्वार शिरोरेखेला चिकटतो आणि ‘क्ष’ ओळखू येत नाही. जाड टंक म्हणजे फुगवलेला बारीक टंक नव्हे, हे या अभ्यासातलं पहिलं तत्त्व मानायला हरकत नाही. जाडी प्रत्येक अक्षरात नव्यानं वाटायची असते. सांध्याशी कमी करायची, वळणावर थोडी वाढवायची. त्या दुकानदाराचा यात दोष नाही. त्याला चांगली जाड अक्षरं सहज मिळतात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि ते सांगणं आपलं काम आहे.

आणि कुठे वापरू नये, हेही अभ्यासाचाच भाग आहे. शोकसभेच्या पत्रिकेवर टपोरं अक्षर चालत नाही, औषधाच्या सूचनेवर चालत नाही, लांबलचक परिच्छेदात तर नाहीच. ‘यात्रा वन’ हा टंक मुंबईच्या लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला; कुंचल्याचा जोर आणि तिरपेपणा त्याच्या अंगात आहे. ‘मोदक’, ‘बालू’ आणि ‘यात्रा’ या तिघांत एकच शब्द लावून पाहा, समजा ‘आंबा’. एकात तो खावासा वाटतो, एकात चित्रातला वाटतो, एकात फलाटावर विकायला आलेला. स्वभाव म्हणतात तो हाच.

वाचनाला आधार आहे. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयानं काढला. खिळ्यांच्या काळातला इतका सखोल अभ्यास दुसरा नाही. शीघ्रलिपीच्या निमित्तानं मराठीतल्या ध्वनींची वारंवारता मोजणाऱ्या भागवतांचं १९६१चं डेक्कन कॉलेजचं काम आपल्या विषयाला बाजूनं येऊन भिडतं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे आपल्या सगळ्यांचे गुरू. विंडोजमधला ‘मंगल’ त्यांचा, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीत त्यांनी शिकवलेल्या अक्षरविचारातून पुढची पिढी उभी राहिली. पण हे सगळं बहुतेक मजकुराच्या अक्षराविषयी आहे. शीर्षकाच्या अक्षराचा, त्यातही टपोऱ्या अक्षराचा, पद्धतशीर अभ्यास अजून व्हायचा आहे. प्रश्न भरपूर पडून आहेत. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला गोल टोकाचं अक्षर सोपं जातं की फक्त आवडतं? शिरोरेखा किती जाड झाली की वाचन मंदावतं? २०१४ पासून यूनिकोडमध्ये असलेल्या मोडीला गोल, जाड शीर्षक-टंक मिळाला, तर तो देवनागरीच्या बालूचा भाऊ कसा दिसेल? गावोगावच्या पेंटरांनी रंगवलेल्या पाट्या उतरवल्या जात आहेत. त्यांतली गोल कुंचल्याची अक्षरं कोण टिपून ठेवणार?

हे शेवटचं काम आजच सुरू करता येण्यासारखं आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या गावातली हातानं रंगवलेली एक जुनी पाटी शोधा. समोरून, सरळ, उजेडात तिचं छायाचित्र घ्या. दुकानाचं नाव, गाव, आणि मिळालं तर रंगवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. मग घरी येऊन पाटीवरच्या अक्षरांच्या वळणात, पाटीवर नसलेला एक ‘ष’ काढून पाहा. पहिल्या वेळी तो जमणार नाही. दुसरा कागद घ्या.